मार्केट हॉलमधलं भरीत

आई, तुमच्या मुलानं एका परक्या बाईच्या हातचं वांगं खाल्लं आणि डोळे मिटून तुमची आठवण काढली. हे सांगायला मला तुमच्याशिवाय दुसरं कोणी सापडेना. मैत्रिणींना सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तुम्ही हसणार नाही, आणि मुख्य म्हणजे उलटून काही बोलणार नाही. तशा आपण सासू-सुना कधी एकमेकींना उलटून बोललोच नाही. फार गोड बोलायचो. माहेरची माणसं माझं कौतुक करायची, सासूशी किती छान जमतं हिचं. पण इतकं गोड बोलणं काही उगाच होत नाही. तुमच्या मनात काय होतं ते तुम्हाला माहीत. माझ्या मनात काय होतं ते मी पुरतं ओळखून होते. मला तुमचा हेवा वाटायचा. अजून वाटतो, आणि तुम्ही नसताना तो वाटावा याचा जास्त राग येतो.

आम्ही अजून बोब्लिंगेनलाच आहोत, तुम्ही आला होतात त्याच घरात. मुलगी नोकरीसाठी हॅम्बर्गला गेली. तुमच्या मुलाच्या कंपनीत गेल्या हिवाळ्यात कुर्त्सआर्बाइट सुरू झालं, म्हणजे कामाचे तास कमी, पगार कमी, आणि पुढं काय ते कोणीच नीट सांगत नाही. इंजिनांवर सगळं आयुष्य घातलेला माणूस; आता जगाला ती इंजिनंच नकोशी झाली आहेत. घरी बसला की तो खिडकीपाशी उभा राहायचा. काय बघतोस विचारलं तर म्हणायचा, काही नाही. जेवायला वाढलं की जेवायचा, चांगलं झालंय का विचारलं की म्हणायचा, हो. त्या 'हो'चा मला इतका कंटाळा आला होता की एखाद्या दिवशी ताट ढकलून दिलं असतं तरी बरं वाटलं असतं.

अशातच एका शनिवारी आम्ही त्याचे बूट घ्यायला स्टुटगार्टला गेलो. बूट मिळाले नाहीत, पाऊस लागला, म्हणून जुन्या मार्केट हॉलमध्ये शिरलो. तुम्हाला तिथं न्यायचं राहूनच गेलं. शंभर वर्षांपूर्वीची इमारत आहे, वर काचेचं छप्पर, भिंतींवर रंगवलेली चित्रं, वर गोल फिरणारा सज्जा. खाली फळं, चीज, मासे, मसाले, सगळ्या देशांचे ठेले. इतकी वर्षं इथं राहून मी तिथं फार तर दोन-तीनदा गेले असेन, तेही पाहुण्यांना दाखवायला, कारण तिथलं सगळं महाग. मी एका ठिकाणी केशराची डबी हातात घेऊन बघतेय, आणि मागं वळते तर हा नाही. चार ठेले पलीकडे उभा आहे, मान जरा वर करून, वास घेत.

तो ठेला एका कॅटलान बाईचा होता. साठीची असेल, केस आखूड कापलेले, हातावर भाजल्याचे जुने डाग. समोर काचेखाली भाजून सोललेली वांगी, लाल ढोबळ्या मिरच्या, कांदे, सगळं लांब पट्ट्यांत फाडून तेलात ठेवलेलं. त्याला एस्कलिवादा म्हणतात, म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेलं. तिनं पावाचा एक तुकडा भाजला, त्यावर लसूण घासली, मग अर्धा टोमॅटो घासून नुसती सालं उरेपर्यंत त्याचा रस पावात जिरवला, वर ती वांग्याची पट्टी ठेवली आणि त्याच्या हातात दिला. त्यानं खाल्लं. डोळे मिटले. आणि मराठीत, मला नाही, कोणालाच नाही, असं म्हणाला, "आईचं भरीत."

मग जर्मनमध्ये तिला विचारलं, "तुम्ही स्पेनच्या का?"

"काताल्युन्याची," ती म्हणाली. "आल्झो, म्हणजे पासपोर्ट स्पेनचा आहे. स्वयंपाक नाही."

तुमचा मुलगा हसला. किती महिन्यांनी हसला. "माझंही तसंच आहे. पासपोर्ट भारताचा, वांगं खानदेशाचं." आणि तो तिला तुमच्या शेतातलं हिरवं वांगं किती मोठं असतं ते हातानं दाखवायला लागला, मनगटापासून कोपरापर्यंत. तिनं माझ्यापुढंही पाव केला. मी म्हटलं, भूक नाही. केशराची डबी अजून माझ्या हातात होती, ती परत ठेवायला गेले, आणि तिथंच जरा वेळ थांबले.

लग्न झाल्यापासून मी काय काय रांधलं असेल, आई. शेवभाजी शिकले, कळण्याच्या भाकरी थापायला शिकले, त्या थापताना माझी बोटं वळेनात तर रडले. भरीतही केलं, आमच्या पुण्याच्या पद्धतीनं नाही, तुमच्या पद्धतीनं. तो खायचा आणि म्हणायचा, छान झालंय. 'आईचं' असा शब्द माझ्या ताटापुढं कधी निघाला नाही. आणि इथं कोणा एका बाईनं मिरची न घालता, फोडणी न देता, नुसतं तेल-मीठ लावलेलं वांगं दिलं तर तो शब्द आपला आपण निघाला.

त्यानंतर तो दर शनिवारी एस-बानची लोकल पकडून स्टुटगार्टला जायला लागला. आधी काहीतरी कारण सांगायचा, मग कारण सांगणंही सोडलं. परत यायचा तेव्हा शर्टाच्या बाह्यांना तेल, अंगाला धुराचा वास. "तिला पेट्या उचलायला मदत लागते," म्हणायचा. कधी कागदात गुंडाळून काहीतरी आणायचा, मी ते फ्रीजमध्ये ठेवायचे आणि फ्रीजमध्येच राहू द्यायचे. मुलीला व्हिडिओ कॉलवर सांगितलं की तुझा बाबा मार्केटमध्ये एका बाईच्या पेट्या उचलतो. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, तुम्हाला आठवत असेल, तुम्ही दोघींच्या तोंडाकडं बघत बसायचात. ती म्हणाली, "ममा, तुझा जळफळाट होतोय. त्या बाईमुळे का?" मी म्हटलं, काहीतरीच. आणि खरंच, त्या बाईमुळे नव्हतं. रात्रभर विचार केला तेव्हा कळलं की तिच्या जागी दुसरी कुठली बाई असती तर मी एव्हाना भांडून मोकळी झाले असते. तिच्याशी भांडता येत नव्हतं, कारण तो तिच्याकडं जातच नव्हता. तो तुमच्याकडं जात होता.

आणि तुमच्याकडं जायची वाट मला कधी सापडली नाही. लग्नानंतरचा तो पहिला हिवाळा. भरीत पार्टी म्हणून सगळं घर शेतात आलं होतं. कपाशीच्या काड्यांचा ढीग पेटवलेला, त्यात ती हिरवी वांगी टाकलेली, धूर सगळ्या बांधावर पसरलेला. पुरुष लाकडी बडगीत वांगी ठेचतायत, बायका गरम सालं सोलून बोटं झटकतायत, सगळे हसतायत. मी नवी, पुण्याची. आमच्याकडं भरीत म्हणजे दह्यातलं, चिमूटभर साखर घातलेलं, वाटीत. धुरानं मला ठसका लागला आणि मी पदर नाकाला लावला. तुम्ही लांबून पाहिलंत. "तिला खुर्ची आणा रे," म्हणालात. "ताटलीत वाढा, चमचा द्या. पुण्याची आहे ती, तिला सवय नाही." कोणीतरी घरून प्लास्टिकची खुर्ची आणली. सगळे खाली, केळीच्या पानांभोवती मांडीला मांडी लावून, कांद्याची पात दातांनी तोडत. आणि मी वर खुर्चीत, मांडीवर स्टीलची ताटली घेऊन. तुमचा मुलगा तुमच्या शेजारी बसला होता. तुम्ही बोलता बोलता त्याच्या तोंडात घास घातलात, एवढ्या मोठ्या इंजिनियरच्या, आणि त्यानं लहान मुलासारखं तोंड उघडलं. ती खुर्ची काळजीपोटी होती की मला माझी जागा दाखवायला, हे मी इतकी वर्षं ठरवू शकले नाही. तुम्ही कदाचित फक्त खुर्चीच दिली असेल.

मग तुम्ही इथं आलात तो उन्हाळा. मी ऑफिसातून घरी येते तर जिन्यापर्यंत करपल्याचा वास, राउखमेल्डर छतावर ओरडून ओरडून थकलेला, त्याची बॅटरी काढून टेबलावर ठेवलेली. धुराचा तो भोंगा वाजला की शेजारी फायर ब्रिगेडला बोलावतात, मी घाबरून आत धावले. तुम्ही दोघं बाल्कनीत उभे. विजेच्या शेगडीवर वांगं भाजायचा उद्योग केला होतात, अर्धं कच्चं, अर्धं जळलेलं, आणि तेच तव्यावरून बोटांनी खात होतात. दोघांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी. मी दारात आले. तुम्ही ओठ पुसलेत, म्हणालात, "आलीस? दमली असशील. हात-पाय धू, मी वाढते." आणि हसणं थांबलं. किती साधं वाक्य होतं ते. त्यात मला लागण्यासारखं काही नव्हतं, म्हणूनच ते सांगता आलं नाही कधी कोणाला.

तर फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी मी ऑफिसातून लवकर निघाले आणि त्याला न सांगता एकटी त्या मार्केट हॉलमध्ये गेले. काय करणार होते ते ठरलेलं नव्हतं. गर्दी नव्हती. कॅटलान बाईच्या ठेल्यापुढं उंच स्टुलावर बसले आणि सगळं मागवलं, टोमॅटो चोळलेला पाव, ती वांगी, भाजलेल्या मिरच्या आणि बदामांची रोमेस्को नावाची लालसर चटणी, शेवटी वर साखर जाळलेली क्रीम. वाईट निघावं या इच्छेनं खात होते. वाईट नव्हतं. वांग्यात धूर होता, खरा, आणि जिभेवर ती चटणी आली तेव्हा लसूण, सुकी मिरची, भाजलेला दाणा असं काहीतरी ओळखीचं एकदम वर आलं. मी खात राहिले. मान वर केली तर ती बाई काउंटरला टेकून माझ्याकडं बघत होती.

"तुम्ही त्यांच्या पत्नी," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही काही खाल्लं नव्हतं."

मी विचारलं, "तो इथं काय बोलतो?"

"आईबद्दल."

"फक्त आईबद्दल?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. फक्त आईबद्दल. रागावू नका, पण खरं सांगू? मला जरा कंटाळा आलाय." तिनं फडक्यानं काच पुसली. "माझा नवरा असाच होता. हा रोमेस्को आहे ना, हा माझ्या सासूचा. ती होती तोवर माझ्या हातचा त्याला कधी चालला नाही. बदाम जास्त भाजलेस, तेल चुकीचं घेतलंस. मग ती गेली. नंतर तोही गेला. आता लोक इथं येऊन मला म्हणतात, काय हात आहे तुझा."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"थँक्यू म्हणते. तिचं नाव सांगत नाही."

मला हसू आलं. "म्हणजे अजून राग आहे तुमचा."

"आहे की. रागानं ढवळलं की चटणी चांगली मिळून येते." मग ती माझ्यासमोरची रिकामी ताटली उचलत म्हणाली, "मार्चमध्ये माझ्या बागेत या. आम्ही कांदे भाजतो, विस्तवावर. नवऱ्याला सांगू नका, तो येणारच आहे. तुम्ही तुमच्या तुम्ही या."

आई, मी घरी आले आणि कागदात गुंडाळलेलं फ्रीजमधलं सगळं बाहेर काढून टाकून दिलं, कारण ते शिळं झालं होतं, आणि मला पहिल्यांदाच त्याचं वाईट वाटलं.

तिची बाग शहराबाहेर टेकडीच्या उतारावर आहे. इथं लोक असे जमिनीचे लहान तुकडे भाड्यानं घेतात, एक लाकडी खोली, दोन वाफे, एक झाड. खाली सगळे द्राक्षांचे मळे. हिवाळ्यात छाटलेल्या द्राक्षवेलींच्या काड्या तिनं शेजारच्या शेतकऱ्याकडून आणून ढीग लावला होता. मी फाटकातून आत शिरले तेव्हा त्या पेटलेल्या होत्या आणि विस्तवापाशी तुमचा मुलगा उकिडवा बसला होता. काठीनं काड्या सारख्या करत होता, धूर डोळ्यांत गेला की तोंड खांद्यात पुसत होता. मला दिसला तो क्षणभर तुमच्या शेतातलाच दिसला. इतक्या वर्षांत जर्मनीत मी त्याला उकिडवं बसलेलं पाहिलं नव्हतं.

मला बघून तो गडबडला. "तू? कशी काय?"

"बोलावलंय मला," मी म्हटलं.

भोवती तिची शेजारी मंडळी होती, पाच-सहा जण, सगळे उभ्यानं खाणारे. ते कांदे म्हणजे जाड, लांब दांड्याची पात, काल्सॉट म्हणतात. बाहेरून काळी कोळसा होईपर्यंत भाजायची, मग शेंड्याला धरून वरचं काळं साल खाली ओढायचं, आतला पांढरा मऊ दांडा रोमेस्कोत बुडवायचा आणि मान मागं टाकून वरून तोंडात सोडायचा. सगळ्यांच्या गळ्यात लहान मुलांसारखी लाळेरी, हात कोपरापर्यंत काळे. तुमच्या मुलानं इकडं-तिकडं पाहिलं, लाकडी खोलीत गेला, आणि माझ्यासाठी एक बशी, काटा आणि सुरी घेऊन आला. घडीची खुर्चीही उघडून ठेवली. त्या बाईला जर्मनमध्ये म्हणाला, "तिला असं हातानं नाही आवडत. तिला सवय नाही."

अगदी तुमचं वाक्य. शब्दसुद्धा तेच. आणि त्याच्या चेहऱ्यावर मला खरंच काळजीच दिसली, दुसरं काही नाही. मी खूप बारकाईनं पाहिलं.

"मला बशी नको," मी म्हटलं.

"अगं, हात काळे होतील."

"होऊ देत."

त्या बाईनं काही न विचारता माझ्या मागं येऊन गळ्यात लाळेरं बांधलं, ओल्या फडक्यासारखे तिचे गार हात मानेला लागले. मग एक कांदा सोलून, चटणीत बुडवून तिनं माझ्या तोंडावर धरला. "डोकं मागं. अजून मागं." मी आभाळाकडं तोंड करून तोंड उघडलं. गोड, धुरकट, गिळगिळीत असा तो कांदा घशात उतरला, चटणी हनुवटीवर आली. बायका हसल्या, मीही हसले. दुसरा माझा मीच सोलला. किती खाल्ले ते आठवत नाही. तुमचा मुलगा हातातली बशी तशीच धरून बघत होता.

त्यानं वांगीही आणली होती, तुर्की दुकानातली काळी, चकचकीत. कांदे संपल्यावर निखाऱ्यांत टाकली, सोलली, एका लाकडी वाडग्यात ठेचली आणि अडला. "आई यात पुढं काय करायची?" मला विचारलं. मी बघतच राहिले. त्याला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ज्याची आठवण काढली ते कसं होतं हे त्याला माहीत नव्हतं. तो फक्त खायला बसायचा. आणि मला सगळं माहीत होतं, कारण मी खुर्चीत बसून तुमच्या हातांवरची नजर काढली नव्हती. मिरच्या आणि लसूण तुम्ही तसेच कुटत नव्हतात, आधी वांग्यांबरोबर विस्तवात घालायचात. दाणे तेलात तळून अख्खे टाकायचात. पात अगदी शेवटी, हातानं मोडून. हेवा वाटणारं माणूस फार नीट बघतं, आई. प्रेम करणाऱ्याला तेवढं बघायची गरज पडत नसावी.

मी घरून पिशवी भरून आणली होती, मिरच्या, लसूण, दाणे, कोथिंबीर. का आणली होती ते विचारू नका. खाली बसले, त्या बाईचा तवा मागून घेतला आणि केलं. शेजारी मंडळींनी पावावर घेऊन खाल्लं, तिखटानं नाकं पुसली. कॅटलान बाईनं दोनदा घेतलं आणि म्हणाली, "हं. आता कळलं तो इतका का बोलतो." तुमचा मुलगा वाडग्यापाशीच बसला. सावकाश खात होता. मग म्हणाला, "जवळ आलंय. खूप जवळ आलंय. पण काहीतरी कमी आहे." आणि परत वाढून घेतलं.

आता कंपनीचं अजून काही ठरलेलं नाही. पण तो बोलतो. जेवताना मीठ कमी आहे म्हणतो, भाजी बेचव झाली म्हणतो, आणि मला ते ऐकायला बरं वाटतं. शनिवारी कधी दोघं जातो, कधी मी एकटी जाते आणि त्या बाईशी सासवांबद्दल बोलते. तुम्हाला तिथं आता सगळे ओळखतात. रविवारी मी भरीत करते, आणि तो दर वेळी घास तोंडात धरून विचार करतो, काय कमी आहे यात? मी म्हणते, इथली वांगी वेगळी. त्याला ते पटतं.

हे पत्र मी कुठं ठेवणार नाही, लिहून झालं की फाडेन, कारण ते त्याच्या हाती लागून चालणार नाही. सुक्या खोबऱ्याचे पातळ काप तेलात लालसर परतून तुम्ही सगळ्यात शेवटी वरून कालवायचात. त्या दिवशी बागेत खोबऱ्याची वाटी माझ्या पर्समध्ये होती. ती मी बाहेर काढली नाही. अजूनही काढत नाही.